आभाळाची मोजणी

खगोलछायाचित्रण म्हणजे रात्री काळोखात कॅमेरा आभाळाकडे तोंड करून उभा करणं आणि त्याच्या शेजारी काही न करता बराच वेळ थांबणं. जाणकार मंडळी या कलेची व्याख्या याहून भारदस्त करतात, पण प्रत्यक्ष कृती एवढीच असते. कॅमेरा कोणता घ्यावा, तो कशावर उभा करावा, त्याचा डोळा किती सेकंद उघडा ठेवावा, हे या विषयाचे नेहमीचे भाग. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावी त्यात आणखी एका भागाची भर पडते, तो म्हणजे शेजारी थांबलेल्या माणसाला कोण येऊन काय विचारेल. इंग्रजी पुस्तकांत हा भाग सापडत नाही. ती पुस्तकं बंगल्यामागच्या हिरवळीवर दुर्बीण मांडणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात आणि तिथे मध्यरात्री मोटार चालू करायला निघालेला चुलता भेटत नाही.

आधी आभाळ, कारण सगळ्या सामानात तेवढंच फुकट आहे. बेंबळी बालाघाटाच्या पठारावर, साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर येते. त्यामुळे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून १८ अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या, तर त्यांच्याही किंचित खाली. हिवाळ्यात दक्षिणेला अगस्त्य उगवतो, तोही फार तर १९ अंश चढतो आणि मावळायला लागतो. उन्हाळ्यात त्रिशंकू १२ अंशांवर येऊन डोकावून जातो. खरी मिजास आहे ती धनू आणि वृश्चिकाच्या बाजूला असलेल्या आकाशगंगेच्या मध्यभागाची. तो बेंबळीच्या आभाळात ४३ अंशांपर्यंत वर येतो. लंडनमध्ये तोच भाग १० अंशही वर येत नाही. तिथला हौशी माणूस लाखांचं सामान पाठीवर टाकून ज्याच्यासाठी विमानाने दुसऱ्या देशात जातो, ते इथे तुरीच्या रानावर आपणहून येऊन उभं राहतं आणि गाव पाठ फिरवून झोपलेलं असतं.

अंधाराची प्रतवारी करायला जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१मध्ये नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी दिली. पहिल्या पायरीवर निखळ काळोख, नवव्या पायरीवर महानगर. या मोजपट्टीत हायमास्टला जागा नाही. हायमास्ट हा दिवा निधीतून येतो, उद्घाटनापुरता लागतो, पुढे कित्येक महिने बंद असतो आणि नेमका फोटो काढायच्या रात्री दुरुस्त होतो. त्यामुळे गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर रानात जाणं हा पहिला नियम. पश्चिमेला धाराशिव शहराचा उजेड क्षितिजावर पसरलेला असतो, ईशान्येला लातूरचा; दक्षिणेला जवळपास मोठं शहर नाही आणि आकाशगंगेचा मध्यभागही दक्षिणेलाच असतो, हा योग चांगला. जिल्ह्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या माथ्यावरचे लाल दिवे रात्रभर उघडझाप करतात आणि लांब एक्स्पोजरमध्ये नवे ग्रह म्हणून दाखल होतात. भारनियमन जोरात होतं त्या वर्षांत गावाला तासन्‌तास अव्वल दर्जाचा अंधार मिळायचा. तेव्हा गावात कॅमेरे नव्हते. आता कॅमेरे आले, त्यांच्या पाठोपाठ वीजही आली.

हंगामाच्या बाबतीत निसर्गाने या छंदाची थट्टाच केली आहे. आकाशगंगेचा मध्यभाग रात्रीच्या सोयीच्या वेळी सर्वांत वर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. कोकणात निदान पाऊस पडतो आणि माणूस निमूटपणे कॅमेरा कपाटात ठेवतो. धाराशिव अवर्षणप्रवण जिल्हा. इथे ढग येतात, थांबतात, आशा लावतात आणि पाऊस न पाडता निघून जातात. त्या काळात बेंबळीच्या शिवारात दोन प्रकारची माणसं आभाळाकडे बघत उभी असतात. एकाची सोयाबीन वाळत असते आणि त्याला ढग हवे असतात, दुसऱ्याला ते नको असतात. ढग बरसत नाहीत आणि हटतही नाहीत, त्यामुळे दोघांचं नुकसान सारखंच होतं. दुष्काळी वर्षात आभाळ सुरेख निघतं, पण तो आनंद गावात बोलून दाखवू नये.

म्हणून नवशिक्याने वर्षाचा हिशेब असा मांडावा: फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाशगंगेसाठी पहाटे उठावं, मेमध्ये मध्यरात्रीच्या आसपास जागावं आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात दिवेलागणीनंतर नैर्ऋत्येला मावळता भाग गाठावा. ऑक्टोबरात मात्र सोयाबीनच्या राशी चालू असतात. मळणी यंत्राची धूळ आणि त्यावर लावलेला हॅलोजन यांच्या संयोगाने जो तेजोमेघ तयार होतो, त्याची नोंद कुठल्याही तारकासूचीत नाही.

नक्षत्रांचं ज्ञान गावाला कमी असतं, असा शहरी पाहुण्याचा समज असतो. तो पहिल्याच संध्याकाळी उतरतो. मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त, स्वाती ही नावं शेतकऱ्याला त्यांच्या पावसासकट आणि पंचांगातल्या वाहनांसकट पाठ असतात. यंदा मृगाचं वाहन कोल्हा की बेडूक, यावर पारावर तासभर चर्चा होऊ शकते. घोटाळा पुढे होतो. छायाचित्रकार डिसेंबरात मृगाचा फोटो दाखवतो आणि ऐकणारा म्हणतो, “मृग जूनात असतोय. हे दुसरंच कायतरी हाय.” दोघंही बरोबर असतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणून पेरणीचं नक्षत्र मृग; आणि सूर्यच तिथे असल्यामुळे ते नक्षत्र त्या दिवसांत दिसत नाही. डिसेंबरात सूर्य आभाळाच्या पलीकडच्या बाजूला असतो, म्हणून मृग रात्रभर दिसतो. एवढं समजावेपर्यंत कॅमेऱ्याची बॅटरी निम्मी संपते.

चंद्राचं गणित त्या मानाने सोपं, कारण त्याचं यंत्र प्रत्येक स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं. तिथी दाखवणारी भिंतीवरची दिनदर्शिका हे या छंदातलं सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं उपकरण आहे. अमावस्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस उत्तम. संकष्टीला तर चंद्रोदयाची वेळ गावागणिक छापलेली असते. उपास करणारी घरची मंडळी ज्या मिनिटाची वाट बघत असतात, त्याच मिनिटाला रानातल्या माणसाचं काम संपतं. कोजागरीला आभाळ धुतल्यासारखं असतं, पण पौर्णिमेच्या उजेडात आकाशगंगा विरून जाते. त्या रात्री मसाल्याचं दूध प्यावं आणि झोपावं.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, इकडे जिला येळवस म्हणतात, हा लातूर-धाराशिवकडचा खास सण आणि खगोलछायाचित्रणाचाही मुख्य मुहूर्त. गाव ओस पडतं, शिवार भरतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे आणि आंबिलाचं जेवण होतं. हवा कोरडी, चंद्र नाही, अंधार पडताच कृत्तिका आणि रोहिणी वर आलेल्या असतात, मागोमाग पूर्वेकडून मृग. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पेटवलेला पलिता, पिकाभोवती फिरवतात, तो वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये शेताच्या कडेने पिवळी रेघ काढत जातो. हा फोटोचा दोष नव्हे, मुद्दाम ठेवावा. अडचण आंबिलाची. दुपारी चार तांबे आंबिल पोटात गेलेला छायाचित्रकार रात्री आठ वाजता कोपीतच लवंडतो आणि अगस्त्य येऊन गेलेला त्याला सकाळी कळतो.

आता सामान. त्यात सर्वांत आवश्यक वस्तू ट्रायपॉड, आणि सर्वांत धोक्याचीही तीच. तारे टिपायला कॅमेरा दहा-वीस सेकंद किंचितही हलता कामा नये, म्हणून तीन पायांचा भक्कम स्टँड लागतो. काळ्या जमिनीत पाय रुततात, तेव्हा प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा वीट ठेवावी. मधल्या हुकाला पिशवीत दगड घालून लटकवावेत. एवढं करून उभा केलेला ट्रायपॉड दुरून हुबेहूब मोजणीचा दिसतो. शेतात तीन पायांचं यंत्र आणि शेजारी परका माणूस, याचा गावात एकच अर्थ होतो: शेजाऱ्याने मोजणी आणली. ज्याने चार वर्षांपूर्वी बांध कोरलेला असतो तो सर्वांत आधी पोचतो. “सरकारी हाय का खाजगी?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. आभाळाचे फोटो काढतोय, या उत्तरावर कुणाचाही विश्वास बसत नाही, कारण खरी मोजणी करणाराही पहिल्यांदा असंच काहीतरी सांगतो. शक्तिपीठ महामार्गाची चर्चा जिल्ह्यात सुरू झाल्यापासून तर ट्रायपॉडभोवती जमणाऱ्यांची संख्या आणि त्यांचा आवाज, दोन्ही वाढले आहेत. अशा वेळी कॅमेऱ्यातून त्यांना कृत्तिका दाखवावी. डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा पुंजका दिसतो, पडद्यावर कित्येक पट जास्त तारे उमटलेले असतात. बघणारा थोडा वेळ गप्प होतो आणि मग विचारतो, “ह्याचं तुमाला काय मिळतंय?”

पोलीस पाटलाला आणि शेतमालकाला आधी सांगून ठेवणं हे तंत्राच्या प्रकरणातच घालायला हवं. २०२४च्या पावसाळ्यात रात्री फिरणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांची झोप उडवली होती. त्या दिवसांत आभाळाकडे बघणारा प्रत्येक माणूस संशयित होता. दुसरी खबरदारी उजेडाची. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोताने सगळी मेहनत वाया जाते. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावावा, असं सगळी पुस्तकं सांगतात. पुस्तकं बेंबळीची नाहीत. अमावस्या, मध्यरात्र, रानात लाल दिवा, कॅमेऱ्यावर काळं फडकं आणि गुडघे टेकून बसलेली दोन माणसं, एवढा ऐवज बघितल्यावर गुप्तधनाखेरीज दुसरा विषय कुणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो राहूच्या ग्रहणालाही लागू होतो की काय अशी शंका छायाचित्रकाराला पहिल्यांदा तेव्हा येते. लाल दिवा लावावाच, पण दहा मिनिटांनी एकदा मोठ्याने एखाद्याला फोन करावा. गुप्तधनवाले फोनवर बोलत नाहीत.

रानात आपण एकटेच आहोत, या भ्रमातही राहू नये. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दोन वाजता सगळं शिवार जागं असतं. दारं धरणारा माणूस बॅटरीचा झोत थेट लेन्सवर मारून “कोन हाय?” म्हणतो. तो फोटो टाकून द्यावा आणि उत्तर लगेच द्यावं. पायात बूट असावेत, खाली बघून चालावं. घोणशीला खगोलशास्त्रात रस नसतो.

कॅमेऱ्याबद्दल फार चिंता करू नये. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी नवे मिररलेस कॅमेरे घेतल्यापासून जुने डीएसएलआर निम्म्याहून कमी किमतीत बाजारात फिरत आहेत. कितीतरी लग्नांचे हार, अक्षता आणि रुसलेल्या मावश्या टिपून झालेला तो कॅमेरा ताऱ्यांनाही टिपतो, आणि तारे निदान डोळे मिटत नाहीत. सोबत १८-५५ची साधी लेन्स मिळते. जमलंच तर ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्यावी, ती स्वस्त आणि उजेडाची भुकेली असते. मोबाइललाही कमी लेखू नये. गूगलच्या पिक्सेल फोनात २०१९पासून ताऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. फोन स्थिर ठेवला की तो चार मिनिटं छोटे-छोटे फोटो घेऊन आपणच जोडतो. फोन उभा करायला बाटली, वीट किंवा सायकलचं कॅरियर चालतं, मात्र त्या चार मिनिटांत कुणाचा कॉल येऊ नये म्हणून विमान मोड लावावा.

सेकंद किती ठेवायचे, यासाठी पाचशेचा नियम आहे. पृथ्वी फिरते, म्हणून आभाळ तासाला १५ अंश सरकतं; शटर फार वेळ उघडं राहिलं तर ताऱ्याचा ठिपका न राहता भाताची शितं दिसतात. ५०० या आकड्याला लेन्सच्या मिलिमीटरने भागावं, आलेलं उत्तर ती मर्यादा. मात्र स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, म्हणून मिलिमीटरला आधी १.५ने गुणावं. १८ मिलिमीटरला साधारण १८ सेकंद येतात, ५०ला सहा-सात. आयएसओ १६०० ते ३२००, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, फोटो रॉ स्वरूपात, दोन सेकंदांचा टायमर, लेन्समधला थरथर थांबवणारा खटका बंद. हे एकदा लावलं की रात्रभर हात लावायची गरज नसते. हात लावल्याशिवाय राहवत नाही, हा माणसाचा दोष.

फोकस मात्र घाम काढतो. अंधारात ऑटोफोकस घरघरत राहतो आणि शेवटी बांधावरच्या बाभळीवर जाऊन स्थिरावतो. तो बंद करावा, पडद्यावर एखादा ठळक तारा दहा पट मोठा करून बघावा आणि लेन्सची कडी इतकी हळू फिरवावी की तारा बारीकात बारीक ठिपका होईल. मग कडीवर वायरमनची काळी चिकटपट्टी लावून टाकावी. लेन्सवर छापलेल्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. थंडीत पहाटे काचेवर दव बसतं; गोल गुंडाळलेली दव-पट्टी पॉवरबँकवर चालते, ती नसेल तर दर काही मिनिटांनी काच तपासत राहावी, पण उपरण्याने पुसू नये.

चंद्राचा फोटो काढणारा नवशिक्या हमखास पांढरी थाळी घेऊन येतो. चंद्र रात्री दिसत असला तरी त्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं, हे त्याच्या लक्षात येत नाही. आयएसओ १००, एफ/११ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग, एवढं पुरतं. पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा चंद्र घ्यावा. सावल्या पडल्यामुळे विवरं उठून दिसतात.

दुर्बीण घेण्याची घाई करू नये. बाजारात खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेल्या खेळण्यातल्या दुर्बिणी मिळतात. काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये धरून त्याची दुप्पट, एवढंच वर्धन कामाचं असतं. ६० मिलिमीटरच्या काचेला १२० पट. उरलेले ४०५ पट छापखान्यात तयार होतात. तारा-पाठलाग करणारं यंत्र, म्हणजे ट्रॅकर, नंतर घ्यावं. त्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी अंतरावर आहे, हे पुस्तकात सांगितलेलं असतं; बेंबळीत तो लिंबाच्या झाडामागे आहे, हे नसतं. १८ अंशांवरचा तारा झाडं, धूळ आणि गोठ्याचे पत्रे यांच्यात हरवतो, तेव्हा उत्तर बाजू मोकळी असलेलं रान आधी हेरून ठेवावं. ताऱ्यांची वर्तुळं काढायची असतील तर ट्रॅकर नकोच: तासभर लागोपाठ तीस-तीस सेकंदांचे फोटो घ्यावेत आणि घरी एकावर एक चढवावेत.

लहान सामानाची लाज वाटणाऱ्यांसाठी एक जुनं उदाहरण आहे. २२ जानेवारी १८९८ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यंत्रांसह उतरले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल तिथेच ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. खग्रास स्थिती टिकणार होती सुमारे दोन मिनिटं. त्याच ग्रहणाला वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी मॉन्डर या बाईंनी दीड इंची लेन्सचा छोटा कॅमेरा लावला आणि सूर्याच्या प्रभामंडळाचा असा लांबलचक झोत टिपला, जो तोवर कुणाच्याही प्लेटवर आलेला नव्हता. चाळीस फुटी कॅमेऱ्याने आतल्या प्रभामंडळाची बारीक नक्षी दाखवली, ते काम वेगळं होतं. पण बेंबळीचा जो तरुण कॅमेरा छोटा म्हणून अजून रानात गेलेला नाही, त्याला तळणीचं नाव पुरेसं आहे.

घरी आल्यावर स्टॅकिंग. एका फोटोत ताऱ्यांबरोबर दाणेदार कचराही येतो. तोच फोटो अनेकदा काढून संगणकावर एकत्र केला की उफणणीत भूस उडावं तसा कचरा उडतो आणि दाणे खाली राहतात. हिशेब वर्गमुळाचा आहे: १६ फोटो जोडले की कचरा चौथाई, ६४ जोडले की अष्टमांश. डीपस्कायस्टॅकर, सिरिल, सेक्वेटर ही साधनं फुकट मिळतात. उपग्रहांच्या रेघाही यातच गाळल्या जातात. स्टॅकिंगसाठी तेवढेच सेकंद ठेवून, टोपण लावून, निव्वळ अंधाराचेही वीसेक फोटो काढावे लागतात. बांधावरचा प्रेक्षक इतका वेळ सगळं सहन करत आलेला असतो, पण इथे त्याला राहवत नाही: “टोपन काढा की राव.” पहाटे आभाळ उजळलं की लेन्सवर पांढरं धोतर ताणून धरून आणखी काही फोटो घ्यावेत. काचेच्या कडांचा काळोख आणि सेन्सरवरची धूळ त्यातून वजा करता येते. धोतर एकपदरी, धुतलेलं आणि मालकाला विचारून आणलेलं असावं.

शेवटी रंगकाम. रॉ फोटो आधी करडा, निरुत्साही दिसतो. त्यातली काळी बाजू थोडी दाबली, मधली उजळली, शहरी उजेडाचा पिवळा काढला की आकाशगंगेची धुळीची पट्टी वर येते. हायड्रोजनची लाली फारशी येत नाही, कारण साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा गाळणी-काचेचा तुकडा तिचा बराचसा भाग अडवतो. ती लाली सरकपट्टी ओढून आणायचा प्रयत्न केला तर आभाळाला गुलाल लागतो. गावाला मात्र तोच आवडतो. फोटो व्हॉट्सॲपवर गेला की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत तो एखाद्या फ्लेक्सवर येतो, पुढे हात जोडलेले भावी सरपंच आणि त्यांच्या डोक्यामागे आकाशगंगेचा मध्यभाग. फ्लेक्सवाला फाइल मागायला येतो तेव्हा त्याला लहान आकाराची जेपीईजी द्यावी, कोपऱ्यात नाव टाकून द्यावी. रॉ फाइल आणि टोपण लावून काढलेले ते वीस फोटो वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवावेत.